आखाजीच्या आधीचं पाणी

दवाखान्याला थंड पाण्याचं मशीन भेट देण्यात माझा फायदा काय होता, तो मीच आधी सांगून टाकतो. दुसऱ्या कोणी सांगितला तर जास्त वाटेल.

पहिला फायदा बाबांचा. कार्तिकात ते गेले. त्यांच्या नावानं तहानलेल्याला पाणी मिळालं तर त्यांना ते पोचेल. दुसरा फायदा दुकानाचा. मशीनच्या वर संगमरवरी पाटी, तिच्यावर 'कै. जीवराम तोताराम नारखेडे, असोदा, यांच्या स्मरणार्थ' आणि त्याखाली बारीक अक्षरात आमच्या ठिबक सिंचनाच्या दुकानाचं नाव. अक्षर बारीक, पण पाणी पिताना मान वर गेली की नजर जिथे टेकते नेमकं तिथे. मी स्वतः रिकामा पेला तोंडाला लावून ती उंची ठरवली होती. तिसरा फायदा खुर्चीचा. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष शालिग्राम नाना आखाजीनंतर बाजूला होणार, अशी कुजबुज होती, आणि बाकीच्या विश्वस्तांपैकी एकाच्याही घराण्याचं नाव दवाखान्याच्या भिंतीवर नव्हतं.

बाबांचा फायदा मी पहिला सांगितला, एवढं लक्षात ठेवा. पुढे माझ्या बाजूनं बोलायला फारसं काही उरणार नाही.

आमचा दवाखाना जळगावातला, ट्रस्टचा. फार मोठा नाही, पण तळमजल्यावर डायलिसिसची खोली आहे. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त तिथे मशीनवर धुतात. त्याला पाणी लागतं, आणि ते साधंसुधं चालत नाही. खोलीच्या मागे ते शुद्ध करायची यंत्रणा आहे. तिथून पाइप निघतो, सगळ्या खाटांच्या मागून फिरतो आणि उरलेलं पाणी घेऊन परत यंत्रणेकडे येतो. पाणी सतत फिरत राहतं, कुठे थांबत नाही. हे मला डॉक्टरांनी समजावून सांगायची गरज नव्हती. फिरतं पाणी हाच माझा धंदा आहे.

मशीन बसवताना फिटरनं विचारलं, "भाऊ, मनपाच्या लाइनीवर टाकू? फिल्टर लावून देतो."

"बाबांच्या नावाचं पाणी, आणि मनपाचं?" मी म्हणालो.

शहरातलं सगळ्यात शुद्ध पाणी त्या भिंतीच्या पलीकडेच फिरत होतं. भिंतीला एक भोक पाडलं, फिरत्या पाइपाला एक फांदी काढली आणि व्हरांड्यातल्या मशीनला जोडून दिली. पाइपही घरचाच, दुकानातला. डायलिसिसच्या डॉक्टर चारुलता तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. राहिलेल्या लोकांनी विचारलं नाही, कारण विश्वस्ताला विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. टाकी भरून घेतली, कुठे गळत नाही ना ते पाहिलं, आणि मशीनवर मरून रंगाचं सॅटिनचं कापड घालून वर चिठ्ठी चिकटवली: 'आखाजीपर्यंत नळाला हात लावू नये.'

आता आखाजीपर्यंत का, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून पितरांना पाणी दिल्याशिवाय आमच्या घरात आंब्याला सुरी लागत नाही. बाजारात आंबा येऊन पंधरवडा झालेला असतो, वास घरभर फिरतो, पण खायचा नाही. आधी पितर, मग आपण. आणि ही तर बाबांच्या पाठची पहिली आखाजी. त्यांच्या नावाच्या मशीनचं पाणी त्यांच्याआधी कोणीतरी येणाऱ्याजाणाऱ्यानं प्यायचं, हे मला पटेना. शिवाय आखाजीला गर्दी असते. फोटोही बरा येतो.

मशीन बसलं पौषात. आखाजी वैशाखात.

डायलिसिसच्या त्या खोलीत माझी सख्खी आत्या येत असे. सुंदरआत्या, बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर-माहेर दोन्ही असोद्यातच, मधे दोन गल्ल्या. किडन्या गेल्यापासून आठवड्यातून तीनदा ती आमच्या दवाखान्यात मशीनला लागायची आणि मोटारसायकलवर मागे बसून दुपारी घरी जायची. सॅटिनचं कापड तिनं पहिल्याच दिवशी उचलून पाहिलं.

"हे काय रे हितेंद्रा?"

"बाबांच्या नावानं पाणपोई, आत्या."

तिनं कापड खाली सोडलं. "मले डाक्टरीणबाई दिवसाले मोजून दोन पेले पाणी देते. केळीच्या गावात राहून केळं खायची बंदी. अन् तू आमच्याच दारासमोर पाणपोई मांडून राह्यला? तुह्या बापाले हे सांगतलं असतं तर त्यानं तुले त्याच नळाखाली बसवलं असतं."

"नातेवाइकांसाठी आहे गं."

"मंग चालू कर ना. ते बिचारे बाटल्या घेऊन हॉटेलात जातेत."

"आखाजीला."

"हां," आत्या म्हणाली. "तहानेलेही मुहूर्त पाह्यजे."

फाल्गुनाच्या शेवटी, जळगावात पत्रा हाताला चटका देतो त्या दिवसांत, आत्या डायलिसिसच्या मशीनवर असताना कुडकुडायला लागली. दात वाजत होते. दोन रग घातले तरी थंडी जाईना, वर ताप. दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तेच झालं. डॉक्टर चारुलता तोवर रजेवरून परत आल्या होत्या. त्यांनी मशीनं थांबवली, दोघांना इंजेक्शनं दिली आणि सगळ्यात आधी पाण्याचे नमुने काढायला लावले. ते बर्फाच्या डब्यातून धुळ्याच्या एका लॅबकडे गेले. पाण्यातले जंतू तिथे ताटलीत वाढवून मोजतात, म्हणून उत्तर यायला आठवडा लागतो. उत्तर आलं: जेवढे चालतात त्याच्या कितीतरी पट.

डॉक्टरांनी खोलीला कुलूप लावलं. जळगावात बाकी ठिकाणच्या पाळ्या भरलेल्या. आत्याला आणि तिच्याबरोबरच्या काहींना जागा मिळाली ती धुळ्याला.

ट्रस्टची तातडीची मीटिंग झाली. पाण्याची गोष्ट म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठिबकवाला. मीही खुर्ची जरा पुढे ओढली. अध्यक्ष होणाऱ्या माणसाचं बोलणं कसं ठाम पाहिजे.

"नमुना घेण्यात चूक आहे," मी म्हणालो. "बाटलीच्या तोंडाला बोट लागलं की संपलं. कोण घेतं नमुने?"

नमुने लोटन घ्यायचा, खोलीचा तंत्रज्ञ, धुळ्याकडच्या खेड्यातला. त्याला आत बोलावलं.

"भाऊसाहेब, मी बोट लावा नै," तो म्हणाला. "नळ स्पिरिटघाई पुसस, पानी सोडस, मंगच बाटली धरस. समदास्ना देखत करस."

"मग जंतू काय आकाशातून पडले?"

"ते मालूम नै. पन मन्हा बोटवरथून नै पडनात."

उत्तर द्यायची ही पद्धत मला आवडली नाही. चौकशी होईपर्यंत त्याला नमुन्यांपासून दूर ठेवावं, असं मी सुचवलं आणि ते मंजूर झालं.  डॉक्टर चारुलतांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"भाऊ, या फिरत्या लाइनीवर खाटांशिवाय आणखी काही जोडलेलं आहे का?"

"काहीही नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि हीच त्यातली मोठी गंमत आहे. माझ्या डोक्यात ते मशीन जोडलेलं नव्हतंच. ज्याचं उद्घाटन झालं नाही ते आहे कुठे? विश्वस्ताच्या जगात वस्तू फीत कापल्यावर जन्माला येते.

यानंतर डॉक्टरांनी स्वतः, एकेका ठिकाणचे नमुने घेतले. यंत्रणेतून निघतानाचं पाणी चांगलं. पहिल्या खाटांपर्यंत चांगलं. शेवटच्या भिंतीजवळून परत येणारं पाणी खराब. औषध टाकून सगळी लाइन धुतली; जंतू कमी झाले, आणि दहा दिवसांत पुन्हा आले. मी एकेका मीटिंगला एकेकाचं नाव घेत होतो. आधी लोटन, मग मनपा, मग यंत्रणा बसवणारी कंपनी, मग धुळ्याची लॅब. एकदा तर म्हणालो की हा उन्हाळाच तसला आहे. शालिग्राम नाना प्रत्येक नावाला मान डोलवत होते. ते कोणाच्याही बोलण्याला डोलवतात, पण मला वाटलं ते खुर्चीवरून उठायची तयारी करताहेत.

आत्याला धुळ्याला न्यायचं काम मी अंगावर घेतलं. माझी गाडी, मीच चालवणार. हे मी चार लोकांत सांगायला विसरलो नाही. जाताना पारोळा येईपर्यंत आत्याच्या तोंडाला खळ नसे. कोणाच्या शेतात केळी कशी लागली, कोणाची सून कशी निघाली, रस्त्याच्या कंत्राटदारानं काय खाल्लं, सगळं. येताना मात्र ती मागच्या सीटवर आडवी व्हायची आणि एरंडोल गेलं, जळगाव आलं, तरी डोळे उघडायची नाही. हाताला, जिथे सुया टोचतात तिथे, पट्टी. मी आरशातून बघायचो आणि मनातल्या मनात धुळ्याच्या लॅबला शिव्या घालायचो.

एकदा जाताना ती म्हणाली, "हितेंद्रा, आखाजीच्या दिवशी मही मशीनची पाळी येते रे."

"मग?"

"इथी खोली चालू असली तर सकाळी लागून मी दुपारपर्यंत घरी. भाऊची पहिली घागर मले मह्या हातानं भरायची हाये. धुळ्याहून आली तर माह्यानं उभं राह्यलं जाते का? तू पाह्यतंच."

बाकी काही तिनं कधी मागितलं नव्हतं. मी तिला शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच काही लागत नाही.

डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मूळ सापडल्यावर लाइन धुवायची, नमुना पाठवायचा, आठवडा थांबायचं. चांगलं उत्तर आल्याशिवाय मी कोणालाही मशीनला लावणार नाही. आत्यांनाही नाही. आणि मूळ अजून सापडलेलं नाही, भाऊ."

आखाजीला तेव्हा आठवड्याच्या वर थोडेच दिवस उरले होते. त्यातले आणखी चार-पाच मी इतरांना दोष देण्यात घालवले.

मग एका सकाळी, धुळ्याला निघण्याआधी, आत्या दुकानात बसली होती. चोपड्याचा अभिमन पाटील हातात काळ्या नळीचे तुकडे घेऊन आला आणि ते माझ्या टेबलावर टाकले. "भाऊ, तुमचा माल. छिद्रातून पाणी नाही, नुस्ती शेंबडासारखी घाण येते."

नळीत बोट घातलं. आत बुळबुळीत थर. या विषयावर माझं भाषण तयार असतं, वीस वर्षांपासून.

"अभिमन, नळी किती दिवस बंद होती?"

"होती दोन-अडीच महिने."

"रिकामी, का भरलेली?"

"भरूनच ठेवली. नवीन मोटरीची पूजा राह्यली होती, भाऊ. मुहूर्त पाह्यत होतो."

"अरे, तू मुहूर्त पाहशील, घाण थांबणार आहे का?" मी उठलोच. "पाणी फिरलं पाहिजे. ज्या नळीचं तोंड बंद, आणि आत पाणी उभं, तिथे शेवाळ धरणार, आणि तुझ्या एका बंद नळीतली घाण मागे सरकून सगळ्या शेताची लाइन नासवणार. हे मी लहान पोरालाही सांगतो, आणि तू पूजेसाठी—"

मागून खुदखुद ऐकू आली. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता तिला धाप लागली.

"काय झालं?"

"काही नाही रे. बोल तू. बरं बोलून राह्यला." डोळे पुसत ती म्हणाली, "फक्त मले एक सांग. त्या मरून कापडाखालची नळी रिकामी हाये का भरेल?"

अभिमन कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. मी खाली बसलो. टेबलावर त्याच्या नळीचे तुकडे होते, कंपनीच्या छापासकट. तोच छाप भिंतीतल्या पाइपावर होता.

आत्याला त्या दिवशी धुळ्याला माझ्या पुतण्यानं नेलं. मी दवाखान्यात गेलो. रस्त्यात माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, कारण हिशोबात तेही धरावं लागेल. मी ठरवत होतो की कोणाला सांगायचंच नाही. टाकीचं पाणी बादल्यांनी काढून टाकायचं, संध्याकाळी फिटर बोलावून फांदी तोडायची, भोक बुजवायचं, आणि मग डॉक्टरांना म्हणायचं, आता एकदा पुन्हा धुऊन पाहा. लाइन चांगली निघेल. 'हितेंद्रभाऊंनी लक्ष घातल्यावर पाणी सुधारलं' असं लोक म्हणतील. चौथा फायदा.

दुपारची वेळ. व्हरांड्यात नातेवाईक भिंतीला टेकून पेंगत होते. मी कापड वर केलं, बादली लावली आणि नळ सोडला. आधी फसफस झाली, मग पाणी आलं, कोमट, आणि त्याबरोबर आमच्या मळ्यातल्या पडीक विहिरीचा वास. नळाच्या तोंडाशी गुलाबीसर चिकटा लोंबत होता. शहरातलं सगळ्यात शुद्ध पाणी! डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या पाण्यातलं क्लोरीनही काढून टाकलेलं असतं, म्हणून ते उभं राहिलं तर साध्या पाण्याच्याही आधी नासतं. मी बाबांसाठी निवडून निवडून घेतलं होतं.

पाण्याचा आवाज झाला आणि पेंगणारी माणसं जागी झाली.

"चालू झालं का, भाऊ?" एक बाई बाटली घेऊन पुढे आली. तिच्यामागे आणखी दोघं. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. उद्घाटन समजूनच. बाईनं माझ्या बादलीवरून हात घालून बाटली भरली आणि तोंडाला लावायला वर केली.

"पिऊ नका!" मी ओरडलो.

एवढ्या मोठ्यानं मी बाबा गेले तेव्हाही ओरडलो नव्हतो. बाईच्या हातून बाटली पडली. औषधाच्या खिडकीतली माणसं बाहेर आली. डायलिसिसच्या खोलीचं दार उघडून डॉक्टर चारुलता आल्या, मागे लोटन. डॉक्टरांनी बादलीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, मग भिंतीतून येणाऱ्या पाइपाकडे.

"ही लाइन कुठून आली आहे, भाऊ?"

"तुमच्याकडून."

"मी विचारलं होतं, काही जोडलं आहे का."

"जोडलेलं होतं," मी म्हणालो. "चालू नव्हतं."

"चालू असतं तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "लोटन, बाटली आण."

लोटननं नमुन्याची बाटली आणली आणि माझ्यासमोर धरली. "भाऊसाहेब, आते तुम्हीच धरा. माले तं नमुनाले हात लावानी बंदी शे."

मी बाटली धरली. नळाखाली नेली.

"अंगठा बाजूला," डॉक्टर म्हणाल्या. "तोंडाला लागला. दुसरी बाटली घ्या."

त्याच दिवशी फांदी तोडली, लाइन धुतली, नमुने गेले. पण लॅबच्या ताटलीला विश्वस्त ओळखता येत नाही. तिला तिचा आठवडा लागतोच. मी पहिल्या मीटिंगला 'हो, एक मशीन आहे' एवढं म्हणालो असतो तर आत्याची आखाजी घरी झाली असती. तसं काही आत्या बोलली नाही. मीच हिशोब मांडून पाहिला, आणि तो दोनदा करूनही तेवढाच आला.

आखाजीला आम्ही पहाटे धुळ्याला निघालो. परत आलो तेव्हा दुपार कलली होती. घरात नैवेद्य खोळंबलेला, माझी बायको लता दारात उभी. नवी लाल घागर पाटावर मांडलेली, शेजारी खरबूज, सांजोऱ्या, दोन आंबे. आत्याला धरून आत आणलं. ती उभी राहू शकली नाही. तिला खुर्ची दिली.

"तूच ओत," ती म्हणाली, आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या हाताला वजन नव्हतं. मी घागर भरत गेलो आणि तिचा हात माझ्या हाताबरोबर खालीवर होत राहिला.

"कोणतं पाणी हाये हे?"

"नळाचं. आपल्या गावचं. आजच भरलं."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "भाऊले तेच सवयीचं."

लतानं आंबा कापला. आत्याला आंबाही चालत नाही. तिनं कोय हातात घेतली, नाकाशी धरली. "वास घ्यायची बंदी नाही ना रे?" आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच बसली.

चार दिवसांनी लॅबचं उत्तर चांगलं आलं आणि खोली उघडली.

आता हिशोब. बाबांना त्यांचं पाणी पोचलं. मशीन सध्या मनपाच्या लाइनीवर, फिल्टर लावून चालू आहे. त्याचं उद्घाटन एका वॉर्डबॉयनं तहान लागली म्हणून केलं. दुकानाचं नाव लोक वाचतात, पण त्याखाली आता डॉक्टरांनी मोठ्या अक्षरात लिहून लावलंय: 'रोज सकाळी पहिले पाणी सोडून द्यावे', त्यामुळे आधी ते वाचतात. लोटन नमुन्यांवर परत आला. मी त्याला आंब्याची पेटी नेऊन दिली, तो म्हणाला, "तुम्हनाकडला आंबा आखाजीना नंतरच धाडेल शेत ना, भाऊसाहेब?" खुर्चीचं म्हणाल तर शालिग्राम नानांना आणखी काही वर्षं बसावंसं वाटू लागलं आहे, आणि त्याला मीच अनुमोदन दिलं.

पाइपाचा आणि लाइन धुण्याचा खर्च मी दिला. धुळ्याच्या सगळ्या खेपांचं डिझेलही माझंच, हे मीटिंगमध्ये सांगूनही झालं. बाकीचं सगळं सुंदरआत्यानं आणि तिच्या शेजारच्या खाटांवरच्या माणसांनी भरलं.